डाव्या बाजूचा ब्रेक

नंदू,

माझा तुझ्यावर पहिल्यापासून संशय होता, हे तुला माहीत आहे. शाळेत असताना तू माझ्या पेन्सिली ढापतोस असा माझा आरोप होता. त्यातल्या दोन माझ्याच दप्तराच्या फाटक्या अस्तरात सापडल्या, तरी मी तो मागे घेतला नाही. पुढे जोगेश्वरीची चाळ सोडून आपण दोघं बोरीवलीत एकाच बिल्डिंगमध्ये आलो, तू तिसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्या, तेव्हाही मला वाटलं की बिल्डरने याला गुपचूप जास्त हवेची खोली दिली. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. सकाळी चहा पिता पिता गेलास, असं सुलभावहिनींनी सांगितलं. ते ऐकल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की या माणसाने आपल्यापासून काहीतरी लपवलंय. वाईट त्यानंतर वाटलं. खूप वाटलं, अजून वाटतंय. पण आधी संशय आला, आणि तो खरा निघाला, म्हणून हे लिहायला बसलोय.

माझा धंदाच तसा होता. नोकरीभर विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. मालक सांगणार, साहेब, म्हैस आडवी आली, आणि बंपरला लागलेला असणार कुठल्यातरी टेम्पोचा निळा रंग. हळूहळू सवयच लागली. कोणी म्हणालं की आज उकडतंय, तर मी आधी बघायचो याचा पंखा चालू आहे का. आणि इतक्या गाड्या तपासून मी स्वतः एकही चालवायला शिकलो नाही, यावर तू जन्मभर हसलास. मी म्हणायचो, गाडीचं काय होतं ते मी बघितलंय, तू नाही. तू म्हणायचास, भित्रा आहेस, सरळ सांग ना.

साठीला आल्यावर तू गाडी घेतलीस. तुझ्या घरातली पहिली. नवी, छोटी, पांढरी. शोरूममध्ये मला मुद्दाम बरोबर नेलंस आणि तिथेच आपलं वाजलं. मी म्हणत होतो, घेतोयस तर वरचं मॉडेल घे, सगळं कंपनीने बसवलेलं, उद्या काही झालं तर कंपनीची मानगूट धरता येते. तुला सर्वांत खालचं हवं होतं, ज्यात चार चाकं आणि एक स्टेअरिंग सोडलं तर काही नाही. त्या टायवाल्या सेल्समनसमोर तू मालवणीवर आलास. "मेल्या, वरच्यात काय देतत? कॅमेरो, कव्हर नि दोन दिवे. ता सगळा मी भायरसून लावतंय!" जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला दुसऱ्याने घट्ट केलेला नट बघवत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला मात्र वाटलं, तो सेल्समन आणि तू, दोघं मिळून मला काहीतरी दाखवत नाही आहात.

मग सुरू झाले तुझे रविवार. बिल्डिंगच्या शेडखाली दारं उघडी टाकून गाडी उभी, तू अर्धा आत आणि अर्धा बाहेर, आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून देखरेख करतोय. जोगेश्वरीच्या सलीमभाईच्या दुकानातून तू पिशव्या भरभरून सामान आणायचास. मागचा कॅमेरा बसवलास तेव्हा मी ओरडलो, वायर कापलीस की वॉरंटी गेली. तू शांतपणे एक जोडणी दाखवलीस, कंपनीची एकही वायर न कापता मध्ये बसणारी. मी चष्मा लावून दोनदा बघितली आणि म्हणालो, आज दिसत नाही, पण पावसात कळेल. पावसातही काही झालं नाही. मी म्हणालो, पुढच्या पावसात कळेल.

दुकानात मिळत नव्हतं ते तू स्वतः बनवलंस. डिकीत प्लॅस्टिकचं पिंप आडवं कापून केलेला ट्रे, कडेला रबर मारलेला, का तर बाजारातून बांगडे आणताना पिशवीतलं पाणी गालिच्यावर सांडू नये. ड्रायव्हरच्या दारात पाइपचा तुकडा, ओली छत्री उभी ठेवायला, आणि त्याला खालून बारीक नळी, पाणी थेट रस्त्यावर जाईल अशी. त्या नळीसाठी दाराला भोक पाडलंस का, असं मी तुला निदान दहा वेळा विचारलं. दाराला पाणी जायला खाली कंपनीचीच भोकं असतात, त्यातलंच एक वापरलंय, हे तू दहाही वेळा सांगितलंस. माझे गुडघे गेलेले म्हणून माझ्या बाजूची सीट खाली लाकडी पट्ट्या टाकून दोन बोटं वर उचललीस. त्यावरही मी म्हणालो, आता माझं डोकं छताला लागणार, हाच तुझा डाव दिसतोय.

एक नियम मात्र तू पहिल्याच रविवारी सांगितला होतास. पाना हातात धरून, शपथ घेतोस तसा उभा राहून. "दिगू, ऐक. ब्रेक, स्टेअरिंग आणि टायर. या तिघांना बाहेरचं काही लावायचं नाही. बाकी गाडी माझी, हे तीन कंपनीचे." मला आयुष्यात तुझी पटलेली जी थोडी वाक्यं आहेत त्यातलं ते एक.

मागच्या वर्षी डॉक्टरने तुझ्या छातीत स्टेंट टाकली. हॉस्पिटलमधून सुटलास आणि लिफ्टमध्ये मला म्हणालास, "आता माझ्यातपण बाहेरचं फिटिंग आहे. माझी वॉरंटी गेली काय रे?" मी हसलो नाही. मी तुझा रंग बघत होतो. तुझ्या घरी येऊन तुझ्या लेकीने, मुक्ताने ठेवलेले हॉस्पिटलचे कागद वाचले आणि मला त्यांचाही संशय आला, सगळं एवढं चांगलं कसं लिहिलंय म्हणून.

तेव्हापासून तुझ्या बाजूला बसलो की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी तू मला कांदिवलीला गुडघ्याच्या व्यायामाला सोडायचास. मी कधी सोड म्हणालो नव्हतो. तूच चावी वाजवत दारात उभा राहायचास. लिंक रोडला लागलं की माझे दोन्ही पाय पुढे जायचे. समोर बस थांबली की मी जमीन दाबायचो. रिक्षा वळली की दाबायचो. एकदा तू म्हणालास, "अरे, पत्र्याला भोक पडेल. खाली रस्ता लागेल पायाला." मी म्हणालो, तुझ्या छातीचा काही भरवसा नाही, मला माझ्या पायाखाली काहीतरी पाहिजे. त्यानंतरचा रविवार तू मला शेडखाली येऊ दिलं नाहीस, आणि अर्थातच मला संशय आला.

संध्याकाळी खाली बोलावलंस. माझ्या सीटसमोर, पायाखालच्या चटईतून एक पेडल वर आलेलं. रबर झिजलेलं, पण घट्ट. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला असतं तसं. मी बघतच राहिलो.

"आणि तुझा नियम?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी मोडला, मेल्या. बस."

बिल्डिंगच्या आवारात गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडलीस आणि म्हणालास, दाब. मी दाबलं. गाडी थांबली. पुन्हा सोडलीस, पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली. मी सहा वेळा करून बघितलं. सातव्यांदा करायला लागलो तेव्हा तू हात जोडलेस.

आता नीट ऐक, कारण ही कबुली आहे. हे असलं पेडल खासगी गाडीत बसवणं बेकायदा आहे. मी कामावर असतो तर तेवढ्यावरून कुणाचाही क्लेम उडवला असता. मी तुला एका शब्दाने बोललो नाही. छत्रीच्या नळीसाठी दहा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने ब्रेकसाठी एकही विचारला नाही. खाली वाकून बघायला गुडघे देत नव्हते, ही सबब आहे. बॅटरी लावून मुक्ताला बघायला सांगता आलं असतं. पण ते पेडल मला हवं होतं रे. त्याच्यावर पाय ठेवून बसलो की मला झकास वाटायचं. त्या काही महिन्यांत मी तुझ्या बाजूला बसून पहिल्यांदा रस्त्याच्या कडेची झाडं बघितली.

मग तो शुक्रवार आला. सिग्नल सुटल्या सुटल्या डावीकडून एक रिक्षा आपल्यासमोर आडवी घुसली, आत बाई आणि तिच्या मांडीवर मूल. मी जिवाच्या आकांताने पेडल दाबलं. गाडी किंचाळत थांबली, रिक्षा आणि आपल्यात वीतभर अंतर. रिक्षावाला शिवी देऊन निघून गेला. माझा पाय अजून पेडलवरच होता. तू माझ्याकडे बघितलंस, मग माझ्या पायाकडे. आणि म्हणालास, "लागलं नाही ना रे कुठे?"

घरी आल्यावर मी काय केलं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतास. सुलभावहिनी आणि मुक्ता, दोघींसमोर मी तोंडी रिपोर्ट दिला. याला रिक्षा दिसलीच नाही. मी ब्रेक मारला म्हणून आज दोघंही घरी आलो. याची नजर आणि पाय यांचं आता जमत नाही. स्टेंट टाकल्यापासून मी बघतोय. मुक्ता तुझ्याकडे वळली. "बाबा, खरं आहे हे?" तू पाण्याचा ग्लास हातात धरून उभा होतास. माझ्याकडे बघून थोडं हसलास. ते हसणं मला तेव्हा ओशाळल्यासारखं वाटलं. "हो," तू म्हणालास. "दिगूने वाचवलं."

मुक्ताने त्याच मिनिटाला चावी मागितली आणि तू दिलीस.

त्यानंतर तू दोन महिने होतास. मी रिक्षाने व्यायामाला जायला लागलो. तू सकाळी खाली उतरून गाडी पुसायचास, मुक्ताकडून दहा मिनिटांपुरती चावी मागून इंजिन चालू करायचास, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि पुन्हा वर जाऊन चावी परत द्यायचास. स्वतःच्या मुलीकडे. मी माझ्या खिडकीतून बघायचो, आणि खरं सांगतो, मला तू आवाराबाहेर पडतोस की काय याचा संशय यायचा म्हणून बघायचो. तू एकदाही पडला नाहीस. नुसता स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचास.

तेराव्याला माणसं जमली तेव्हा तुझ्या पुतण्याने तीच गोष्ट काढली. काकांना एकदा दिगूकाकांनी वाचवलं होतं. दोन-चार जणांनी माझ्याकडे आदराने बघितलं आणि मी मान हलवली. लाडू खाता खाता हलवली.

परवा मुक्ता म्हणाली, गाडी विकतोय, आम्ही दोघी चालवत नाही. घेणाऱ्याची अट आहे, बाहेरचं सगळं काढून कंपनीसारखी करून द्या. तुम्ही उभे राहाल का, काका? मी म्हणालो, हे माझंच काम आहे. आज सकाळी सलीमभाई आला. पांढरी दाढी, कमरेला हत्यारांचा पट्टा. तुझं नाव काढलं आणि रुमालाने डोळे पुसले. मग कामाला लागला. कॅमेरा निघाला, कव्हरं निघाली, छत्रीचा पाइप निघाला. प्रत्येक वस्तू निघाल्यावर खाली कंपनीचं सगळं जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. मी प्रत्येक ठिकाणी बघितलं. सलीमभाई म्हणाला, "साहेब, असं काम करणारे आता राहिले नाहीत. याने गाडी सजवली, पण दुखवली नाही."

मग तो माझ्या बाजूला खाली वाकला. चटई उचलली. हात आत घालून चाचपत राहिला. मी विचारलं, काय झालं, ब्रेकची लाइन खराब केली की काय याने?

"साहेब, ये तो कहीं जाताच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे नुसतं बसवलंय. पट्टीवर पेडल, खाली स्प्रिंग. रॉड वर जातो आणि डॅशबोर्डच्या मागे वायरला क्लिप मारून सोडलाय. ब्रेकला काही जोडलंच नाही. नंदूभाऊ माझ्याकडून एक कडक स्प्रिंग घेऊन गेले होते. मी विचारलं कशाला. बोलले, एका दोस्ताच्या पायाला लावायची आहे."

मी शेडचा खांब धरला. आवारात मी सहा वेळा दाबलं आणि सहाही वेळा गाडी थांबली, तेव्हा तुझा पाय कुठे होता? मी बघितलंच नाही. मी माझ्याच पायाकडे बघत होतो. आणि त्या शुक्रवारी? ती रिक्षा, ती बाई, ते मूल. तुला सगळं दिसलं होतं. वेळेवर दिसलं होतं. गाडी तू थांबवलीस.

तू नियम मोडलाच नव्हतास.

मग गप्प का राहिलास? मला खरंच कळत नाही आणि आता मी कुणाला विचारू? तासभर मी तुझ्यावर निरनिराळे आरोप करून बघितले. पहिला, तू मनातल्या मनात मला हसत होतास. हा टिकत नाही, कारण हसायचंच असतं तर तू त्याच संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला गोळा करून हसला असतास. दुसरा, मी तुझ्या मुलीसमोर खोटा पडू नये, असं तुला वाटलं. म्हणजे तू स्वतः खोटा पडलास, माझ्यासाठी. हा मला सहन होत नाही. तिसरा सर्वांत वाईट आहे. तुला स्वतःलाच तुझ्या छातीची खात्री राहिली नव्हती आणि चावी द्यायला तुला निमित्त हवं होतं. माझा रिपोर्ट तुझ्या कामी आला, असं मानलं तर मला झोप लागेल. म्हणूनच मला त्याचा संशय येतो. माझ्या सोयीचं आहे ते. आणि या गाडीच्या बाबतीत जे जे माझ्या सोयीचं होतं, तिथेच मी वाकून बघितलं नाही.

एवढं तरी बोलायचंस रे, गाढवा. "दिगू, तुझा ब्रेक खोटा आहे." पाच शब्द. मी महिनाभर बोललो नसतो तुझ्याशी. मग पेन्सिलींच्या वेळेसारखं पुन्हा बोलायला लागलो असतो. दोन महिने तू मुलीकडे दहा मिनिटांची चावी मागत राहिलास आणि मी वरून पहारा केला.

सलीमभाई समजला असावा. पेडल कागदात गुंडाळत म्हणाला, "जाऊ द्या साहेब, काढून टाकलं. कुणाला सांगायची गरज काय? माणूस गेला." खरं आहे. कुणालाच कळलं नसतं. तुझा पुतण्या पुढच्या वर्षीही तीच गोष्ट सांगणार आणि मी मान हलवणार. मी ते पेडल त्याच्या हातातून घेतलं आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेलो.

दार मुक्ताने उघडलं. मी आत जाऊन बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. पेडल, स्प्रिंग, कुठेच न जाणारा रॉड. सांगताना माझा आवाज रिपोर्ट वाचल्यासारखा येत होता, दुसरा कुठला आवाज मला काढता आला नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, मला घालवून देईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. ती भिंतीला टेकली.

"चावी मी घेतली होती, काका," ती म्हणाली. "त्यांच्या हातातून."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, नंदू. खरं बोलून मी मोकळा व्हायला गेलो आणि माझं ओझं तुझ्या पोरीच्या डोक्यावर टाकलं. मी म्हणालो, तू माझ्यावर विश्वास ठेवलास, चूक माझी. पेडल हातात घेऊन तिने त्याचं झिजलेलं रबर दाबून बघितलं. मागून सुलभावहिनी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्या दिवशी नेमकं काय झालं?" मुक्ताने विचारलं. "खरं ते सांगा."

मी सांगितलं. सिग्नल सुटला. डावीकडून रिक्षा आडवी आली, आत बाई आणि मूल होतं. तुझ्या बाबांनी बघितलं. तुझ्या बाबांनी ब्रेक मारला. गाडी वीतभर अलीकडे थांबली. कुणालाही काही लागलं नाही.

सुलभावहिनी जमिनीवरच बसल्या. मुक्ता त्यांच्या शेजारी बसली.

"पुन्हा सांगा," वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.